स्तन काढण्याआधी विचारायचा प्रश्न

स्तनात कॅन्सर निघाला आणि स्तन काढावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, की घरातल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. ऑपरेशन कधी? खर्च किती? किमो लागणार का? केस जाणार का? काढलेल्या स्तनाच्या जागी पुन्हा स्तन घडवता येतो का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. जिचं ऑपरेशन आहे ती लाजेपोटी बोलत नाही. नवऱ्याला वाटतं, आपण विचारलं तर लोक भलताच अर्थ काढतील. बाहेर ओपीडीत माणसं ताटकळलेली असताना डॉक्टरही आपणहून हा विषय काढतीलच असं नाही. मग नणंद किंवा सासूबाई धीर देतात, "पदराखाली कुणाला दिसायलंय? जीव वाचला म्हणजे झालं की."

जीव आधी, यात वादच नाही. पण स्तन घडवून घेतल्याने जिवाचा धोका वाढतो, हा समज चुकीचा आहे. या शस्त्रक्रियेमुळे कॅन्सर परत यायची शक्यता वाढत नाही, आणि परत आलाच तर तो लपूनही राहत नाही. राहता राहिला पदर. पदर दुसऱ्यांच्या नजरेपुरता असतो. आंघोळ करताना, ब्लाउजचे हूक लावताना, रात्री कुशीवर वळताना बाईचा स्वतःच्या शरीराशी जो संबंध येतो, तिथे पदर कामाला येत नाही. शिवाय स्तन जड असतील तर एका बाजूचा भार अचानक गेल्यावर खांदा तिरका होतो, मान आणि पाठ धरते. त्यामुळे याला नट्टापट्टा समजणाऱ्यांशी माझं जमत नाही. हा कॅन्सरच्या उपचाराचाच एक भाग आहे. तो कोणी घेईल, कोणी नाही घेणार. पण माहीत तरी सगळ्यांना असावा.

आणि तो माहीत असायला हवा ऑपरेशनच्या आधी. सगळं अडतं ते इथेच.

त्याचं कारण त्वचेत आहे. नेहमीच्या पद्धतीने स्तन काढताना स्तनाग्रासकट वरची बरीच त्वचा जाते आणि उरलेली ओढून छाती सपाट शिवली जाते. पुढे स्तन घडवायचा आहे हे आधीच ठरलेलं असेल, तर सर्जन आतला गर काढून वरचं आवरण शक्य तेवढं राखतात. गाठ स्तनाग्रापासून लांब असेल आणि तिथे रोग नसेल, तर काही जणींचं स्तनाग्रही राखता येतं. एकदा गेलेली त्वचा मात्र परत मिळत नाही. नंतर, अगदी काही वर्षांनीसुद्धा, स्तन घडवता येतो. पण तेव्हा त्वचा पोटावरून किंवा पाठीवरून आणावी लागते, नाहीतर आहे तीच हळूहळू ताणावी लागते. पर्याय कमी होतात आणि ऑपरेशनं वाढतात.

त्याही आधीचा एक प्रश्न आहे. स्तन पूर्ण काढायलाच हवा का? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले सर्जन विल्यम हालस्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी (लसीका ग्रंथी) असं सगळं एकत्र काढायची पद्धत रूढ केली आणि पुढे कित्येक दशकं जगभर तीच चालली. मग इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग तेवढा काढून शेक (रेडिएशन) दिलेल्या बायकांची तुलना पूर्ण स्तन काढलेल्या बायकांशी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल २००२ मध्ये आले. निवडक रुग्णांमध्ये दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या होत्या. त्यामुळे गाठ लहान असेल, किंवा आधी किमो देऊन लहान करता येत असेल, तर स्तन वाचवण्याची गोष्ट डॉक्टरांकडे जरूर काढा. गाठ काढल्यावर पडलेला खड्डा आजूबाजूचा भाग फिरवून भरताही येतो. गाठी अनेक ठिकाणी असतील, रोग त्वचेपर्यंत आला असेल किंवा शेक देणं शक्य नसेल, तर मात्र पूर्ण स्तन काढणंच योग्य ठरतं. आपल्याकडे बऱ्याच बायका गाठ मोठी होईपर्यंत अंगावर काढतात, म्हणून ही वेळ जास्त येते.

बाहेरून आणलेला उभार

स्तन घडवायचे ढोबळ मार्ग दोन. एकात सिलिकॉनचा इम्प्लांट बसवतात, दुसऱ्यात आपल्याच अंगाचा मांसल भाग वापरतात. कधी दोन्ही मिळून करतात.

सिलिकॉनचा पहिला इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवला गेला. सिलिकॉनच्याच पिशवीत घट्ट जेल, अशी त्याची रचना. त्वचा पुरेशी आणि चांगली राखलेली असेल तर तो स्तन काढण्याच्याच ऑपरेशनमध्ये बसवता येतो. नाहीतर आधी एक रिकामी पिशवी छातीच्या स्नायूखाली किंवा त्वचेखाली ठेवतात. तिला एक्स्पांडर म्हणतात. जखम भरल्यावर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दवाखान्यात जाऊन ती सलाईनने थोडी थोडी भरून घ्यायची. हे काम मिनिटांत होतं. डॉक्टर एक छोटं लोहचुंबक छातीवरून फिरवतात. ते जिथे ओढलं जातं तिथे त्वचेखाली पिशवीची झडप असते. खूण करायची, सुई टोचायची, सलाईन आत सोडायचं. वरची त्वचा बहुतेक बधिर असल्याने सुईचं फारसं जाणवत नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, मग सैल पडते. काही आठवड्यांत त्वचा हवी तेवढी ताणली गेली की दुसरं, लहान ऑपरेशन करून पिशवी काढतात आणि कायमचा इम्प्लांट बसवतात. एक लक्षात ठेवा: झडपेत चुंबक असलेला एक्स्पांडर आत असताना कोणी एमआरआय सांगितला, तर आधी आपल्या सर्जनला विचारा.

या मार्गाचं मोठं सुख म्हणजे अंगावर दुसरीकडे जखम होत नाही, ऑपरेशन लहान आणि घरी लवकर जाता येतं. पण इम्प्लांट म्हणजे जन्माची सोय नव्हे. दहा-पंधरा वर्षांत किंवा त्याहून उशिरा तो बदलावा लागू शकतो, आणि काहींना त्याआधीच. शरीर त्याच्याभोवती एक पापुद्रा धरतं; तो आकसला तर स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो. शेक घेतलेल्या छातीत हे जास्त होतं. जंतुसंसर्ग झाला तर इम्प्लांट काढून टाकायचीही वेळ येते. सिलिकॉनची पिशवी आत फाटली तर बाहेरून काहीच कळत नाही असंही होतं, म्हणून काही वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून पाहायला सांगतात. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती एक दुर्मीळ प्रकारचा लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) आढळल्याने २०१९ मध्ये तसे इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले. त्यामुळे आपल्याला कोणता बसवणार, गुळगुळीत की खरखरीत, हे विचारायला संकोच कसला? इम्प्लांटचं कार्ड मिळतं, त्यावर नंबर असतो. ते रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवा.

आपल्याच अंगातलं

दुसरा मार्ग जास्त कष्टाचा, पण मला तो जास्त विलक्षण वाटतो.

बेंबीच्या खाली पोटावर जी चरबी असते, जिच्यावरून बायका स्वतःला उगाच बोल लावतात, तिचा स्तन फार छान होतो. मऊपणा तसाच आणि उबही तशीच. वजन वाढलं-घटलं तर तोही त्याबरोबर वाढतो-घटतो. पूर्वी पोटाच्या पुढचा उभा स्नायूही तिच्यासोबत वर नेत. ही पद्धत १९८२ मध्ये रूढ झाली, पण स्नायू गेल्याने पोटाची भिंत कमजोर व्हायची, कधी हर्निया व्हायचा. आता बरेच सर्जन स्नायू जागच्या जागी ठेवतात. त्यातून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सोडवून घेऊन फक्त त्वचा आणि चरबी उचलतात. तो तुकडा शरीरापासून पूर्ण वेगळा होतो, छातीवर ठेवला जातो आणि त्याची धमनी व शीर छातीच्या हाडाशेजारच्या रक्तवाहिन्यांना जोडली जाते. या वाहिन्यांची रुंदी दोन-तीन मिलिमीटर, आणि शिवायचा धागा केसाहून बारीक. मागावर तुटलेला धागा कापडात गाठ न दिसता जोडणारे हात सोलापूरने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेत. हे काम त्याच जातीचं, फक्त मायक्रोस्कोपखाली, आणि जोडल्यावर धाग्यातून रक्त वाहायला हवं.

ऑपरेशनला सहा-आठ तास सहज लागतात. पण खरी परीक्षा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांची. खोली उबदार ठेवतात, पंखा-एसी बंद. दर तासाला सिस्टर येऊन नव्या स्तनावर बोट दाबते आणि उचलते: पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. पांढरीफटक राहिली तर रक्त आत येत नाही. काळी-निळी पडून फुगायला लागली तर आलेलं रक्त बाहेर जात नाही. पेनाएवढं डॉपलर टेकवलं की आत वाहणाऱ्या रक्ताचा ठोका ऐकू येतो. तो थांबला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, पेशंट परत थिएटरमध्ये. काही तासांत उघडलं तर तुकडा बरेचदा वाचतो. एवढं करूनही, अनुभवी हातांतसुद्धा, शंभरातल्या साधारण एक ते पाच जणींमध्ये तो जगत नाही. हे ऑपरेशनआधी स्पष्ट सांगणारा सर्जन चांगला समजावा.

सिझर झालंय, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय, मग पोटावरून घेता येईल का, असं बायका हमखास विचारतात. बहुतेक वेळा येतं. आधी सीटी अँजिओ काढून रक्तवाहिन्या शाबूत आहेत का ते पाहतात. अंगाने अगदी सडपातळ असाल तर पोटावर पुरेसं मिळत नाही. शुगर ताब्यात नसेल किंवा वजन फार असेल तर जखमा भरायला त्रास होतो.

पोट नको किंवा जमत नाही, तर पाठ आहे. पाठीवरचा एक रुंद, चपटा स्नायू त्वचेसकट काखेखालून फिरवून पुढे आणतात. त्याची रक्तवाहिनी तोडावीच लागत नाही, त्यामुळे मायक्रोस्कोप नको, वेळ कमी आणि तुकडा जगण्याची खात्री जास्त. इटलीतल्या इजिनिओ तान्सिनी यांनी हे १९०६ मध्येच करून दाखवलं होतं. पण हालस्टेड यांचा अशा गोष्टींना विरोध होता, आणि त्यांचा दबदबा एवढा की ही युक्ती अडगळीत पडली. ती १९७० च्या दशकात पुन्हा वर आली. मोठ्या शहरांबाहेर ही पद्धत जास्त सोयीची ठरते. पाठीवर मांस कमी असल्याने मोठ्या स्तनासाठी आत इम्प्लांटही घालावा लागतो. पाठीच्या जखमेत पाणी साठतं, ते काही वेळा सुईने काढावं लागतं. रोजच्या कामात हा स्नायू गेल्याचं फारसं जाणवत नाही, पण विहिरीतून पाणी शेंदणं, जड दार ओढणं अशा ओढायच्या कामात त्या हाताची ताकद थोडी कमी पडते. शेतात राबणाऱ्या बाईने हे सर्जनला आधीच सांगावं.

शेक लागणार असेल तर

इथे गणित जरा अवघड होतं. शेक दिल्यावर त्वचा आणि खालचा भाग कडक, आकसलेला होतो, रक्तपुरवठाही घटतो. इम्प्लांटला ते मानवत नाही, आणि नुकत्याच बसवलेल्या पोटाच्या तुकड्याचाही आकार त्याने बिघडू शकतो. म्हणून शेक नक्की लागणार असं दिसत असेल तर अनेक डॉक्टर आधी स्तन काढणं, किमो, शेक हे सगळं उरकतात आणि सहा महिने ते वर्षभर थांबून मग पोटाच्या किंवा पाठीच्या भागातून स्तन घडवतात. काही जण मधला मार्ग काढतात: त्वचा राखून आत एक्स्पांडर ठेवतात, म्हणजे जागा धरून राहते, आणि शेक झाल्यावर पुढचं ठरवतात. एकच बरोबर उत्तर इथे नाही. कॅन्सर सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि शेक देणारे डॉक्टर या तिघांचं पहिल्या ऑपरेशनआधी एकमेकांशी बोलणं व्हायला हवं. स्तन काढतानाच नवा घडवण्याचा, म्हणजे एका वेळच्या ऑपरेशनचा, एक खरा धोका असा, की जखम चिघळली तर किमो काही आठवडे लांबू शकते. रोग पुढे गेलेला असेल तेव्हा ही गोष्ट जड धरावी लागते.

मिश्रीचं काय

आपल्या सोलापूर भागात हा मुद्दा टाळून चालणार नाही. सर्जन विचारतात, "सिगारेट ओढता का?" आणि बाई खरं तेच सांगते, "नाही." मिश्री लावते हे तिच्या मनातही येत नाही, तिच्या लेखी ते दात घासणं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि तिच्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. दोन मिलिमीटरच्या जोडावर ज्या तुकड्याचा जीव टांगलाय, त्याला हे परवडत नाही. त्वचेच्या कडा काळ्या पडतात, टाके उसवतात. निदान चार आठवडे आधीपासून आणि जखमा भरेपर्यंत मिश्री, तंबाखू, गुटखा सगळं बंद हवं. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत; सूप मांडीवर घेऊन दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बाईच्या अंगातही थोडं निकोटिन जातं. त्यांनी आपलं काम काय आहे ते सर्जनला सांगावं आणि ऑपरेशनच्या आधी-नंतर कामाला सुट्टी घ्यावी. हातावर पोट असलेल्या घरात हे बोलायला सोपं आणि करायला कठीण, याची मला कल्पना आहे.

घरी आल्यावरचे पहिले दिवस नळ्यांचे. जखमेतलं पाणी बाहेर यावं म्हणून एक-दोन नळ्या असतात, टोकाला प्लास्टिकचा फुगा. तो रोज रिकामा करायचा, किती मिली आलं ते वहीत लिहायचं. रोजचं प्रमाण वीस-तीस मिलीच्या खाली आलं की नळी निघते. गाऊनच्या आत सेफ्टी पिनने तो फुगा अडकवला की ओढ बसत नाही. पोटाचं ऑपरेशन असेल तर काही दिवस वाकून चालावं लागतं, पट्टा बांधावा लागतो आणि सहा-आठ आठवडे जड उचलायचं नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात याचा अर्थ सरळ आहे: पाणी सुटायच्या दिवशी घागरी आणि बादल्या घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलायच्या. भाकरी थापायलाही घाई नको. हात मात्र अगदी बांधून ठेवायचा नाही. फिजिओथेरपिस्ट सांगतील तसा रोज हलवायचा, नाहीतर खांदा आखडतो. हाताला सूज येते ती काखेतल्या गाठी काढल्यामुळे किंवा शेकामुळे.

नवीन स्तनात पहिल्यासारखी जाणीव बहुतेक येत नाही. थोडीफार स्पर्शाची जाण वर्षभरात कधी कधी येते. हे आधी सांगितलं नाही तर फार निराशा होते. बधिर त्वचेचा एक व्यावहारिक धोकाही आहे: पाठ किंवा पोट शेकायला घेतलेली गरम पाण्याची पिशवी तिथे टेकली तर चटका कळत नाही आणि फोड येतो.

स्तनाग्र राखलेलं नसेल तर ते काही महिन्यांनी, आकार स्थिरावल्यावर, तिथल्याच त्वचेला घडी घालून तयार करतात आणि भोवतीचा गडद रंग टॅटूने भरतात. पुष्कळ जणी इथपर्यंत येतच नाहीत. ब्लाउजमध्ये फिटिंग नीट बसलं की त्यांचं समाधान होतं. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून कधी दुसरा स्तन लहान करावा किंवा उचलून घ्यावा लागतो, कधी मांडीची चरबी काढून खळगे भरावे लागतात.

आणि काहीच न करणं हाही पूर्ण, शहाणा पर्याय आहे. वय, इतर आजार, पैसा, किंवा सरळ "मला आता आणखी ऑपरेशन नको" एवढंही कारण पुरे. तेव्हा सर्जनला सांगायचं, की छाती नीट सपाट शिवा, काखेजवळ लोंबती कातडी ठेवू नका. ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा स्तन मिळतो. भार सारखा राहतो म्हणून पाठीला बरा, पण एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात तो घामाने नकोसा होतो. सुती धाग्याचा विणलेला हलका उभार तेव्हा सुखाचा, आणि घरी करता येतो. शेजारणीच्या सुनेने करून घेतलं म्हणून आपणही करावं, किंवा ती नाही म्हणाली म्हणून आपणही टाळावं, असं हे नाही.

पैसा आणि कागद

कॅन्सरचे उपचार आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. सोलापुरात धाराशिवपासून कलबुर्गी-विजापूरपर्यंतचे पेशंट येतात. तरी मायक्रोस्कोपखालची शस्त्रक्रिया नियमित करणारी टीम हवी असेल तर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागू शकते. जिथे कराल तिथे सर्जनला सरळ विचारा, "तुम्ही स्वतः अशी ऑपरेशनं किती केलीत?"

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. स्तन घडवण्याचं कोणतं पॅकेज त्या रुग्णालयात मंजूर होतं, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) ऑपरेशनच्या आधी पक्कं करून घ्या. इम्प्लांटची किंमत त्यात धरली आहे का, हे वेगळं विचारा. खासगी विमा असेल तर एक गोष्ट ठाम लक्षात ठेवा. "हे कॉस्मेटिक आहे, बसत नाही" असं उत्तर आलं तर पॉलिसी उघडून वगळलेल्या गोष्टींची यादी पाहा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या मजकुरात प्लास्टिक सर्जरी वगळली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरच्या पुनर्रचनेला त्यातून सूट आहे. त्या कलमाचा क्रमांक ०८. सर्जनच्या चिठ्ठीवर "कॅन्सरमुळे स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना" असं लिहून घ्या आणि मंजुरी आधी मागा.

तपासण्या पुढे चालूच राहतात. पूर्ण स्तन काढून घडवलेल्या बाजूची नेहमीची मॅमोग्राफी सहसा लागत नाही. दुसऱ्या बाजूची दरवर्षी करायची. घडवलेल्या स्तनात कडक गाठ लागली तर ती बऱ्याचदा रक्तपुरवठा न मिळालेल्या चरबीची असते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण ते हाताने चाचपून ठरवायचं नाही. सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईची तपासणी करून डॉक्टरांनी ठरवायचं.